वर सिंह, खाली बिगुल

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या टोपीवरच्या बिल्ल्याचा फोटो आला. त्यातल्या बिगुलाभोवती कुणीतरी लाल गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं, 'शिवाजी महाराजांच्या नावानं शत्रूवर तुटून पडणाऱ्या पल्टणीच्या कपाळावर अजून इंग्रजांचं बिगुल का?' तासाभरात ग्रुप पेटला. एका बाजूला गुलामीची खूण उखडून टाकायला निघालेले. दुसऱ्या बाजूला तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त कर्नल आणि त्यांचे दोन-तीन पाठीराखे. त्यांचं म्हणणं एवढंच की पल्टणीच्या परंपरेला सिव्हिलियन लोकांनी हात लावू नये. मध्येच सेक्रेटरींनी पाण्याची टाकी धुणार असल्याची सूचना टाकली, ती या धबडग्यात वाहून गेली आणि दुसऱ्या दिवशी अर्धी इमारत बादल्या घेऊन बसली. टीव्हीवरच्या चर्चा मी नंतर मुद्दाम पाहिल्या. आवाज मोठा, मुद्दे तेच.

हा वाद वाईट घातला जातोय असं मला वाटतं, कारण दोन्ही बाजू बिल्ल्याला एकच एक, अखंड वस्तू मानतात. बिल्ला म्हणजे एकाच धातूत ओतलेली निदान दोन विधानं असतात. ही पल्टण कुणाच्या हुकमात आहे, हे पहिलं. ही पल्टण कोण आणि तिनं काय कमावलं, हे दुसरं. पहिलं विधान राज्याच्या मालकीचं. राज्य बदललं की ते बदललंच पाहिजे, आणि त्यात उशीर झाला असेल तर लाज वाटली पाहिजे. दुसरं विधान पल्टणीचं. ते चिन्ह कुठे जन्मलं याची पत्रिका मांडून त्याचा निकाल लागत नाही. म्हणून 2022 मध्ये नौसेनेच्या ध्वजावरून सेंट जॉर्जचा क्रॉस उतरला ते योग्यच झालं, जरी त्याची जी कारणं तेव्हा ऐकवली गेली त्यातली बरीचशी चुकीची होती. आणि मराठा पल्टणीचं बिगुल जिथे आहे तिथे राहावं.

माझे मामा या पल्टणीत हवालदार होते. सुट्टीवर साताऱ्याला आले की सकाळी ओसरीवर बसून ब्रासोनं बिल्ला घासत बसायचे. तो आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. जे.जे.तून बाहेर पडल्यापासून बोधचिन्हं काढण्यातच माझी हयात गेली, त्यामुळे कुठलंही चिन्ह हातात आलं की आधी त्यात सर्वांत वर काय आहे ते बघायची खोड आहे. मामांच्या बिल्ल्यात बिगुल आहे, ढाल-तलवार आहे, आणि या सगळ्याच्या वर अशोकस्तंभाचे सिंह आहेत. वर्षानुवर्षं घासून सिंहांची नाकं सपाट झालीत, बिगुलाच्या दोरीचे वळसे मात्र अजून मोजता येतात. ही वर-खालीची मांडणी शोभेसाठी नसते. युरोपच्या चिन्हशास्त्रात राजाचा मुकुट ढालीच्या वर बसतो. ध्वजात तोच मान काठीलगतच्या वरच्या चौकटीला असतो. आपल्याकडेही वेगळं नव्हतं. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी शाहू महाराजांचं नाव येतं, मग पेशव्याचं. वरची जागा धन्याची.

आणि ती वरची जागा आपल्या सेनेनं 1950 मध्ये, प्रजासत्ताक होताच बदलली. बिल्ल्यांवरचा मुकुट गेला, सिंह आले. मेजरच्या खांद्यावर मुकुट असायचा, तिथेही सिंह आले. लेफ्टनंट आणि कॅप्टनच्या ताऱ्यात ऑर्डर ऑफ द बाथ या इंग्रजी सन्मानाची नक्षी होती. ती जाऊन साधा पाच टोकांचा तारा आला. त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला डेहराडूनच्या चेटवुड हॉलमध्ये राजाचे जुने ध्वज समारंभपूर्वक कायमचे ठेवून देण्यात आले. ज्यांना वाटतं की 'गुलामीच्या खुणा' काढायचं काम काल-परवा सुरू झालं, त्यांनी ही तारीख एकदा वहीत लिहून ठेवावी.

आता ते बिगुल. अठराव्या शतकातलं नेहमीचं पायदळ खांद्याला खांदा लावून, ढोलाच्या ठेक्यावर रांगेत चालायचं. हलकं पायदळ वेगळं. ते मुख्य फौजेच्या पुढे, विखरून, झाडा-खडकांचा आडोसा घेत लढायचं. विखुरलेल्या माणसांना हुकूम कसा द्यायचा? ढोल गळ्यात अडकवून झुडपांतून पळता येत नाही. म्हणून शिकाऱ्यांचं शिंग आलं. जर्मन राजांच्या फौजांत जंगलातले शिकारी भरती केलेल्या तुकड्या होत्या, त्यांचं नावच 'येगर', म्हणजे शिकारी. त्यांचं शिंग इंग्रजांनी उचललं आणि दोरी बांधलेलं शिंग ही हलक्या पायदळाची खूण ठरली. म्हणजे जन्मदाखलाच तपासायचा तर बिगुल इंग्रजांचंही नाही, ते जर्मन शिकाऱ्यांचं आहे. मग कुणाला परत करायचं? (आपल्या गनिमी काव्याशी याचं नातं जोडणारेही भेटतात. विखरून लढणं दोन्हीकडे आहे एवढंच खरं. बाकीचं ओढूनताणून.)

मराठा पल्टणीकडे ते आलं ते बक्षीस म्हणून. कंपनीनं मुंबई बेटाच्या रक्षणासाठी 1768 मध्ये उभी केलेली पल्टण पुढे 'जंगी पल्टण' झाली. 1769 ची तिची धाकटी बहीण म्हणजे 'काळी पाचवी'. या काळ्या पाचवीची एक तुकडी 1840 मध्ये बलुचिस्तानातल्या काहानच्या किल्ल्यात वेढ्यात सापडली. बाहेरून मदत पोचेना, आत आजार आणि उपासमार, तरी कित्येक महिने तिनं किल्ला सोडला नाही. त्याबद्दल 1841 मध्ये 'लाइट इन्फंट्री' हा किताब मिळाला आणि 1922 च्या फेररचनेनंतर तो सगळ्या रेजिमेंटच्या नावात आला. बिगुल काढून टाकायचं म्हणणाऱ्यांनी मग नावातलं 'लाइट इन्फंट्री'सुद्धा काढायला हवं. ते का राहिलं? बहुधा लाल गोल काढणाऱ्याला हे शब्द आणि ते शिंग एकच गोष्ट सांगतात हे माहीत नसावं.

विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा ग्रुपवर कुणी मांडलाच नाही, म्हणून मी मांडतो. खुणा बदलणं हे क्षुल्लक काम असतं तर खुद्द शिवाजी महाराजांनी त्यासाठी एवढा खटाटोप का केला असता? बहुतेक शिक्के फारसीत असण्याच्या काळात त्यांची अष्टकोनी राजमुद्रा संस्कृतात आहे, 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता' अशी सुरू होणारी. 1674 च्या राज्याभिषेकावेळी पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. स्वतःचा होन पाडला, शिवराई पाडली, राज्यव्यवहारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश करवून घेतला. चिन्ह म्हणजे नुसतं कापड किंवा पितळ, त्यात काय एवढं, असं म्हणणाऱ्यांना हा एक माणूस पुरून उरतो. ही गोष्ट मी मोकळेपणानं मान्य करतो. चिन्हांनी पोट भरत नाही हा युक्तिवाद आळशी आहे.

पण महाराजांनी नेमकं काय बदललं आणि काय तसंच ठेवलं, तेही बघू. शिक्का, नाणं, सिंहासनासमोर उभ्या राहणाऱ्या आठ प्रधानांची पदं. म्हणजे राज्य कुणाचं हे जिथे जिथे बोललं जातं त्या जागा. गडावरचा हवालदार मात्र हवालदारच राहिला. सबनीस सबनीसच, कारखानीस कारखानीसच. हे शब्द फारसी-अरबीतून आलेले, आदिलशाही-निजामशाहीत रुळलेले. तटावर पहारा देणाऱ्या माणसाला नवं नाव देण्याची निकड त्यांना भासली नाही, आणि त्यामुळे स्वराज्य कुठे उणं पडलं? उलट, मुख्य प्रधान हे नाव देऊनही लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला, इतका की पुढे एका आख्ख्या युगाला आपण पेशवाई म्हणतो. तोच हवालदार कंपनीनं आपल्या पल्टणीत घेतला, सुभेदार आणि नाईक घेतले, आणि आजच्या भारतीय सेनेत ही तिन्ही पदं आहेत. माझ्या मामांच्या बाहीवरच्या तीन फितींमागे अरबी शब्द, दख्खनी सुलतान, मराठी गड आणि इंग्रज कंपनी असे चार धनी होऊन गेले. त्यातला कुठला धागा उसवायचा?

आणि मराठ्यांनी परक्यांच्या मानाच्या खुणा घेतल्या नाहीत असंही नाही. माही-मरातब ही मोगल दरबाराची खूण, काठीवर लावलेला सोनेरी मासा. मराठी सरदारांनी ती मिरवणुकीत अभिमानानं पुढे चालवली. त्या मरातबाचाच शब्द आपण लग्नपत्रिकेच्या भाषेत, मानमरातब म्हणून, अजून वापरतो. पुणे हॉर्स या घोडदळाच्या रेजिमेंटची गोष्ट तर याहून मजेची. 1857 मध्ये इराणात खुशाबच्या लढाईत तिनं शत्रूचं निशाण जिंकलं, त्याच्या टोकाला चांदीचा पंजा होता. तो पंजा रेजिमेंटची ओळख झाला. परक्याची खूण आहे म्हणून कुणाला ती कमीपणाची वाटली नाही, कारण ती जिंकलेली होती.

मुंबईकराला हा फरक कळायला लांब जायला नको. काळा घोडा घ्या. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1965 मध्ये तिथून हलवून राणीच्या बागेत नेला. ते बरोबरच केलं, भर चौकात घोड्यावर बसलेला परका राजा हे राज्य कुणाचं याचंच विधान होतं. पण जागेचं नाव काळा घोडाच राहिलं. पन्नास वर्षं तिथे ना घोडा होता ना राजा, आणि टॅक्सीवाला न चुकता तिथेच सोडायचा. 2017 मध्ये तिथे नवा घोडा आला, तोही स्वाराशिवाय. मला तर वाटतं या शहरानं कुठलीही समिती न नेमता हा प्रश्न सोडवला होता.

नौसेनेच्या ध्वजाकडे येतो, कारण तिथे माझा कल उलट आहे आणि तो लपवायचं कारण नाही. 18 फेब्रुवारी 1946 ला कुलाब्याच्या 'तलवार' या नौसेनेच्या प्रशिक्षण तळावर नौसैनिकांनी संप पुकारला. सुरुवात निकृष्ट जेवण आणि वरिष्ठांच्या शिवीगाळीवरून झाली, दोन दिवसांत संप बंदरातल्या जहाजांवर पसरला आणि मग शहर रस्त्यावर आलं. गोळीबारात मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मेली. त्या दिवसांत नौसैनिकांनी काय केलं? डोलकाठीवरचा इंग्रजी ध्वज उतरवला आणि काँग्रेसचा तिरंगा, लीगचा हिरवा आणि लाल बावटा असे तीन झेंडे चढवले. त्यांच्या मागण्यांत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती, समान पगार होता, इंडोनेशियातून भारतीय फौजा परत आणा असंही होतं. टोपीवरचा नांगर काढा असं कुठे नव्हतं. नांगर त्यांचा होता. ध्वज मात्र त्यांचा नव्हता, आणि विशीतल्या पोरांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

म्हणूनच पुढचा इतिहास विचित्र वाटतो. 26 जानेवारी 1950 ला नौसेनेच्या ध्वजाच्या वरच्या चौकटीत युनियन जॅक जाऊन तिरंगा आला, पण पांढऱ्या कापडावरचा तांबडा क्रॉस राहिला. हा क्रॉस ख्रिश्चनांचा म्हणून काढला पाहिजे, असं 2022 मध्ये बऱ्याच जणांनी कंठशोष करून सांगितलं. हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. आपल्या नौसेनेत ख्रिश्चन नाविक आहेत आणि नौसेनेचं ब्रीद 'शं नो वरुणः' हे तैत्तिरीय उपनिषदातलं आहे. धर्मावरून चिन्हं गाळायला बसलो तर दोन्ही टोकांना कात्री लागेल. खरं कारण ध्वजांच्या भाषेतलं आहे. पांढऱ्या कापडावर तांबडा सेंट जॉर्ज क्रॉस आणि कोपऱ्यात देशाचा झेंडा, या मांडणीचा समुद्रावर एकच अर्थ होतो: ब्रिटिश शाही नौसेना किंवा तिच्या गोतावळ्यातली एखादी. ऑस्ट्रेलियासारख्या, राणीला स्वतःची राणी मानणाऱ्या देशालाही हे अडचणीचं झालं. त्यांची जहाजं व्हिएतनामच्या युद्धात होती, ब्रिटन त्या युद्धात नव्हतं, आणि दोघांचा ध्वज एकच. 1967 मध्ये ऑस्ट्रेलियानं आपला ध्वज वेगळा केला. कॅनडानं त्याआधीच, 1965 मध्ये. राणी ठेवून त्यांनी जे केलं, ते राजा घालवून आपण बहात्तर वर्षं केलं नाही.

पूर्ण खरं सांगायचं तर मध्ये एकदा केलं होतं. 15 ऑगस्ट 2001 ला क्रॉस जाऊन त्या जागी नौसेनेचं निळं चिन्ह आलं, आणि एप्रिल 2004 मध्ये क्रॉस परत आला, मधोमध अशोकचिन्ह घेऊन. काढणारं आणि परत आणणारं सरकार एकच होतं, वाजपेयींचं. त्यामुळे यात अमक्या पक्षाचं राष्ट्रप्रेम आणि तमक्याची गुलामगिरी शोधणाऱ्यांची पंचाईत होते. परत आणण्याचं कारण अगदी माझ्या धंद्यातलं होतं: निळं चिन्ह आभाळाच्या आणि समुद्राच्या निळ्यात हरवतं, लांबून ओळखू येत नाही. मला हे कारण वाचून आनंद झाला होता. चिन्हशास्त्राचा सगळ्यात जुना नियमच हा आहे की धातूवर धातू नको आणि रंगावर रंग नको. पिवळा आणि पांढरा म्हणजे सोनं-चांदी, हे धातू. तांबडा, निळा, हिरवा, काळा हे रंग. एकमेकांवर ठेवताना एक त्यातला, एक यातला. हा नियम सरदारांच्या हौसेतून आलेला नाही. धुळीत, पावसात, चारशे पावलांवरून आपला कोण आणि परका कोण हे कळण्यासाठी आला. सह्याद्रीच्या हिरव्यावर आणि आभाळाच्या निळ्यावर भगवा जितका उठतो तितका दुसरा कुठलाच रंग उठत नाही, आणि जरीपटक्यातली जर ऊन पडलं की आणखी लांबून चमकते. ज्यांनी तो निवडला त्यांना रंगही कळत होता आणि रणही.

2 सप्टेंबर 2022 ला कोचीत विक्रांत नौसेनेत दाखल झाली, त्या दिवशी आलेल्या ध्वजात निळा अष्टकोन आहे, त्याला सोनेरी दुहेरी कड आहे, आत सिंह आणि नांगर. अष्टकोनाची आणि कडेची प्रेरणा राजमुद्रेची. पांढऱ्यावर निळा, निळ्यावर सोनेरी: नियमात बसतं. खोल समुद्रात ते कितपत वाचता येतं हे डोलकाठीखाली उभं राहणारे सांगतील. कल्पना म्हणून मला ती आवडते. नंतर ॲडमिरलांच्या खांद्यावरच्या पट्ट्याही बदलल्या, त्यात अष्टकोन, तलवार आणि दुर्बीण आली. आता दुर्बिणीचं काय करायचं? ती 1608 च्या सुमाराला हॉलंडमध्ये जन्मली. गुलामीच्या खुणा शोधणाऱ्यांपैकी एकानंही तिच्याभोवती लाल गोल काढला नाही, आणि बरोबरच केलं. नाविकाच्या हातातलं हत्यार नाविकाचं असतं. मग हाच न्याय शिंगाला का नाही?

जाता जाता एक. त्या नव्या पट्ट्यांची घोषणा 4 डिसेंबर 2023 ला मालवणात झाली. त्याच दिवशी राजकोटावर महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, आणि 26 ऑगस्ट 2024 ला तो पुतळा कोसळला. समोर साडेतीनशे वर्षं लाटा झेलणारा सिंधुदुर्ग उभा. प्रेरणा घेताना चुन्या-शिशाच्या कामाचीही घेतली असती तर बरं झालं असतं.

आता खरी अडचण. बिगुल कमावलेलं आहे असं मी म्हणतो, पण कमावलं कुणासाठी? काहानच्या किल्ल्यात मराठा शिपाई कंपनीच्या साम्राज्यासाठी उपाशी राहिला, आणि समोर होते ते आपली भूमी राखणारे बलुच. हा आक्षेप ग्रुपवरच्या कुठल्याही घोषणेपेक्षा खोल आहे आणि परंपरा, परंपरा असं म्हणून तो टळत नाही. याचं उत्तर प्रजासत्ताकानं एका विवेकी रेषेनं दिलंय. भारतीयांना जिंकण्यासाठी झालेल्या लढायांचे युद्धसन्मान सेनेनं त्याज्य ठरवले. ते पल्टणी मिरवत नाहीत. बाकीचे ठेवले. 1941 मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरावर मराठा शिपाई मुसोलिनीच्या फौजेशी लढले, 1944 मध्ये इटलीत नाईक यशवंत घाडगे एकट्यानं मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसवर सिंह ब्रिटिश आहे, मुकुट ब्रिटिश आहे, नावही राणीचं आहे. म्हणून त्यांच्या गावाकडच्या माणगावकरांनी त्यांच्याकडे पाठ फिरवायची? शिपायाचं धैर्य आणि धन्याचा हेतू यांची खाती वेगळी मांडावी लागतात. एकाची नोंद दुसऱ्यात केली की हिशेब चुकतो, मग तो साहेबाच्या बाजूनं चुकवा किंवा देशभक्तीच्या.

ही रेषा सगळीकडे सरळ जात नाही, हेही सांगितलं पाहिजे. महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यात आडव्या-तिडव्या दोन मशीनगन होत्या आणि त्यांच्यासोबत कोरेगावचा स्तंभ. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. 1 जानेवारी 1818 ची ती लढाई पेशव्याच्या फौजेविरुद्धची, म्हणजे त्याज्य रेषेच्या पलीकडची. माझ्या नियमानं हिशेब संपला. पण संपतो का? त्या स्तंभावर मेलेल्या शिपायांची नावं आहेत, त्यातल्या बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ती महारांची. पुढे इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली, तेव्हा गोपाळ बाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांच्या पिढ्यांनी आपल्या लष्करी सेवेचा दाखला देत अर्जांवर अर्ज केले. 1 जानेवारी 1927 ला डॉ. आंबेडकर त्या स्तंभाशी गेले. तिथे दरवर्षी जमणारे लाखो लोक कंपनीचा विजय साजरा करायला येत नाहीत. आम्हाला ज्यांनी माणूस मानलं नाही त्यांच्यासमोर आम्ही शस्त्र धरून उभे राहिलो होतो, याचा दगडी पुरावा बघायला येतात. म्हणजे चिन्ह परक्या धन्यानं उभारलेलं, आणि अर्थ पूर्णपणे आपल्या माणसांनी भरलेला. माझं मत असं की सेनेनं टोपीवर तो न ठेवणं समजण्यासारखं आहे, कारण त्या टोपीखाली आज अनेक समाजांचे जवान आहेत आणि नियम सगळ्या पल्टणींना एकच हवा. पण टोपीवरून उतरला म्हणून तो नदीकाठावरून उतरत नाही, आणि तिथे जाणाऱ्याला देशद्रोही ठरवण्याचा अधिकार तर कुणालाच नाही. माझ्या मांडणीला इथे थोडी ओढ बसते. बसू दे.

जन्मदाखल्याचा युक्तिवाद शेवटी कुठे जाऊन पडतो ते बघायचं असेल तर परमवीरचक्र हातात घ्या. आपल्याकडचं सर्वोच्च युद्धपदक, घोषणा 26 जानेवारी 1950 ची. मधोमध सिंह, भोवती इंद्राची चार वज्रं, म्हणजे दधीचीच्या हाडांची आठवण, आणि महाराजांच्या तलवारीची प्रेरणा. याहून भारतीय काय असणार? ते घडवलं सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्म स्वित्झर्लंडचा, वडील हंगेरियन, आई रशियन, माहेरचं नाव इव्ह इव्हॉन. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या प्रेमात पडून इकडे आल्या, संस्कृत शिकल्या, मराठी शिकल्या, पुराणं वाचली. पदकाची चौकट तर थेट व्हिक्टोरिया क्रॉसच्या जागी बसवलेली: तसंच कांस्य, तशीच एकरंगी फीत, फक्त किरमिजीऐवजी जांभळी. रामा राघोबा राणे यांनी ते छातीवर लावलं. मुंबईत जन्मलेल्या आर्देशीर तारापोरांना ते मरणोत्तर मिळालं, आणि ते होते त्याच पंजावाल्या पुणे हॉर्सचे. कुणाची हिंमत आहे इथे लाल गोल काढायची?

कर्नलसाहेबांशी माझं भांडण कमी आहे, पण आहे. माणसं या बिल्ल्यासाठी मरतात हे ते म्हणतात ते खरं आहे, आणि मी ज्या खुर्चीत बसून लिहितोय तिथून ते खोडून काढणं निर्लज्जपणाचं ठरेल. तरीही परंपरेला हात लावू नका हे वाक्य परंपरेच्याच विरोधात जातं. मुकुट उतरला तेव्हा हात लागला होता. स्तंभाचा खंजीर झाला तेव्हा लागला होता. तिसरी मराठा ही पल्टण छत्रीधारी झाली, आज ती 2 पॅरा आहे, तेव्हा केरेन लढलेल्या पल्टणीनं बिगुल उतरवून पंख लावले, आणि तिचा इतिहास काही पुसला गेला नाही. सिव्हिलियनांनी बोलू नये हेही मला मान्य नाही. सिंह आमचे आहेत, सगळ्या नागरिकांचे. बिल्ल्याच्या वरच्या मजल्याबद्दल बोलायचा आम्हाला पूर्ण हक्क आहे. खालच्या मजल्यावर जाताना मात्र दार वाजवावं.

दार वाजवावं म्हणजे काय, तर बिगुल बदलायचंच असेल तर मागणी पल्टणीच्या बेळगावच्या सेंटरमधून यावी, दादरच्या स्टुडिओतून नको. आणि आली तरी आधी नमुना शिवून तो डोंगरावर दुसऱ्या टोकाला उभ्या माणसाच्या टोपीला लावून बघावा, पाऊस असताना, संध्याकाळी. नौसेनेला 2001 चा धडा शिकायला अडीच वर्षं लागली होती.

परवा फोर्टात काम होतं, लायन गेटसमोरून चालत गेलो. आत आयएनएस आंग्रे आहे. 1951 पर्यंत तिचं नाव डलहौसी होतं. तिच्याच आवारात बॉम्बे कॅसलचे जुने अवशेष आहेत, त्याच किल्ल्याचे जिथे बसून कंपनीचे गव्हर्नर कान्होजी आंग्र्यांना चाचा म्हणत, त्यांच्यावर मोहिमा काढत आणि हात हलवत परत येत. नाव बदललं. भिंत कुणी पाडली नाही. घरी येऊन ग्रुपवर हे लिहिलं, मामांच्या बिल्ल्याचा फोटोही टाकला. कर्नलसाहेबांनी अंगठा दाखवला. लाल गोल काढणाऱ्यानं विचारलं, सिंहांची नाकं कशानं झिजली?

ब्रासोनं, मी लिहिलं.